वेचे आणि वारसा : 'फंकी' संकलने आणि ऑर्गन-त्रयीचा इतिहास

एखाद्या परंपरेशी आपली पहिली ओळख मूळ ग्रंथांतून क्वचितच होते. बहुधा ती वेच्यांतून होते. परशुरामतात्या गोडबोले ह्यांचा 'नवनीत' हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना प्राचीन मराठी कविता भेटली ती त्याच्या पानांतून. वेचे निवडणारा हा त्या अर्थाने परंपरेचा पहिला समीक्षक असतो. फरक इतकाच, की त्याची समीक्षा लेखरूपात समोर येत नाही. ती अनुक्रमणिकेत असते. काय घेतले आणि काय वगळले ह्यातून तो एक भूमिका मांडतो आणि वाचक ती भूमिका आहे हे न ओळखता तिलाच परंपरा समजून चालतो. साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही ह्याच प्रश्नाकडे साहित्याबाहेरच्या एका प्रांतातून पाहू इच्छितो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे पंधरा वर्षे एक संगीतप्रकार बहरला. हॅमंड ऑर्गन, गिटार (किंवा सॅक्सोफोन) आणि ड्रम्स अशी तिघांची मंडळी, आणि त्यांनी वाजवलेले ब्लूज व चर्चसंगीत ह्यांच्या जवळचे जॅझ. पुढे ह्या संगीताला 'सोल-जॅझ' म्हणू लागले. १९७० नंतर ते मागे पडले, आणि १९९० च्या दशकात ते पुन्हा ऐकले जाऊ लागले ते मुख्यतः नव्या श्रोत्यांसाठी काढलेल्या संकलनांमधून. बिग जॉन पॅटन ह्या ऑर्गनवादकाच्या निवडक ध्वनिमुद्रणांचे 'द ऑर्गनायझेशन!' हे ब्लू नोट कंपनीचे संकलन १९९४ चे आहे. ते अशा अनेक संकलनांपैकी एक. ह्या संकलनांनी एक परंपरा वाचवली, ह्यात शंका नाही. पण वाचवताना तिला एका विशिष्ट शब्दाच्या चाळणीतून गाळले. तो शब्द म्हणजे 'फंकी'. ह्या चाळणीचा इतिहास हा लेखाचा विषय आहे.

१. वाद्य

'ऑर्गन' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. संगीत नाटकांच्या साथीला असणारा, पायांनी भाता मारून वाजवायचा ऑर्गन आपल्या परिचयाचा आहे. हॅमंड ऑर्गनचा त्याच्याशी संबंध नावापुरताच. त्यात वारा नाही, पत्त्या नाहीत, नळ्याही नाहीत. लॉरेन्स हॅमंड हा अमेरिकन अभियंता विजेवर चालणारी घड्याळे बनवीत असे. घड्याळासाठी वापरलेल्या, ठरावीक गतीने फिरणाऱ्या मोटरचाच उपयोग त्याने १९३५ साली बाजारात आणलेल्या ह्या वाद्यात केला. मोटर कडेला उंचवटे असलेल्या धातूच्या चकत्या फिरवते. प्रत्येक चकतीजवळ तारेचे वेटोळे गुंडाळलेले लोहचुंबक असते. उंचवटे त्याच्यासमोरून जाताना तारेत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि त्याचा ध्वनी होतो. पुढे जॅझवाल्यांच्या आवडीच्या ठरलेल्या 'बी-३' ह्या नमुन्यात अशा ९१ चकत्या होत्या, ६१ पट्ट्यांचे दोन थर होते आणि पायांसाठी २५ पट्ट्या होत्या. वर 'ड्रॉबार' नावाच्या दांड्या. त्या कमी-अधिक ओढून नादाचा रंग बदलता येई.

हॅमंडच्या डोळ्यांसमोर ग्राहक होता तो चर्च. नळ्यांचा प्रचंड ऑर्गन ज्यांना परवडत नाही अशा मंडळींसाठी हा स्वस्त पर्याय होता. गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतील चर्चना तो विशेष सोयीचा ठरला. शिकागोच्या 'फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्स'मध्ये १९३९ साली केनेथ मॉरिस ह्यांनी तो गॉस्पेल गायनाच्या साथीला आणला आणि तेथून त्याचा प्रसार झाला. डॉन लेस्ली ह्याने तयार केलेला, आत फिरती कर्णे असलेला ध्वनिवर्धक त्याला जोडला, की सुरांना एक थरथर लाभे. वस्तीतल्या मुलांच्या कानांवर हा आवाज रविवारी सकाळी प्रार्थनेत पडत असे. शनिवारी रात्री तोच आवाज दारूच्या गुत्त्यात ऐकू येऊ लागला, तेव्हा त्यात जे नाट्य होते ते त्या श्रोत्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पट्टी दाबताना विद्युत्स्पर्शामुळे एक बारीक 'टक्' असा आवाज येई. हॅमंडच्या अभियंत्यांच्या लेखी तो दोष होता. जॅझवादकांना मात्र तोच हवासा वाटला, कारण त्यामुळे प्रत्येक सुराला तालवाद्यासारखी धार येई. निर्मात्याने दोष मानलेली गोष्ट वापरणाऱ्यांनी शैलीचा पाया केली. ह्या संगीताच्या पुढील इतिहासातही असेच घडत गेलेले दिसेल.

२. तिघेच का?

जॅझमध्ये ऑर्गन पूर्वीही होता. फॅट्स वॉलर आणि काउंट बेसी ह्यांनी तो हाताळला होता. १९५० च्या दशकाच्या आरंभी वाइल्ड बिल डेव्हिसने ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स ही त्रयी लोकप्रिय केली होती. परंतु ह्या वाद्याचे व्याकरण लिहिले ते जिमी स्मिथने. तो फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउनचा, मूळचा पियानोवादक. डेव्हिसला ऐकून त्याने ऑर्गन घेतला, तो एका गोदामात ठेवला आणि तेथे एकट्यानेच रियाज केला, ही त्याने स्वतः सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. तेथून बाहेर पडला तो स्वतःची शैली घेऊनच. पहिले तीन ड्रॉबार पूर्ण ओढलेले, बाकीचे बंद. उजव्या हातात बीबॉपच्या वेगवान ओळी. डाव्या हातात आणि पायांत अखंड चालणारा बास. ब्लू नोटचे आल्फ्रेड लायन ह्यांनी त्याला ऐकले आणि १९५६ साली त्याची पहिली तबकडी काढली. १९५९ ची 'द सर्मन!' आणि १९६० साली ध्वनिमुद्रित होऊन १९६३ साली निघालेली 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक' ह्यांनी त्याचे नाव सर्वतोमुखी केले.

ऑर्गनवादक बास स्वतःच वाजवतो, ह्या तांत्रिक गोष्टीत एक आर्थिक आशय होता. बासवादकाचे मानधन वाचत होते. लहान गुत्त्याच्या मालकाला तीन माणसांच्या खर्चात एका मोठ्या वाद्यवृंदाइतका भरदार आवाज मिळत होता. चारशे पौंडांहून अधिक वजनाचे हे धूड गावोगाव नेणे जिकिरीचे होते. म्हणून अनेक ठिकाणी मालकांनी स्वतःचाच ऑर्गन ठेवला. फिलाडेल्फिया, न्यूअर्क, अटलांटिक सिटी, हार्लेम, डेट्रॉइट, शिकागो अशा शहरांत 'ऑर्गन-बार'चे एक जाळेच तयार झाले. एकट्या फिलाडेल्फियाने आणि तिच्या परिसराने जिमी स्मिथ, शर्ली स्कॉट, जिमी मॅकग्रिफ, ट्रूडी पिट्स, चार्ल्स अर्लंड आणि नदीपलीकडच्या कॅम्डनचा रिचर्ड 'ग्रूव्ह' होम्स इतके ऑर्गनवादक दिले.

येथील श्रोता सभागृहातला श्रोता नव्हता. तो दिवसभराचे काम करून आलेला असे. तो बोले, दाद देई, पावलांनी ठेका धरी. 'ब्रदर' जॅक मॅकडफची १९६३ ची 'लाइव्ह!' ही तबकडी न्यूअर्कच्या 'फ्रंट रूम'मध्ये मुद्रित झाली आहे. तीत वादक आणि श्रोते एकमेकांना चढवत नेताना ऐकू येतात, आणि त्यांत विशीतला जॉर्ज बेन्सन गिटार वाजवतो आहे. ह्या संगीताचे मोजमाप करायचे तर वाजवणारा आणि ऐकणारा ह्यांच्यातील हा व्यवहार वगळून चालणार नाही. दुसरे माध्यम होते ज्यूकबॉक्स. ब्लू नोट लांबलचक रचनांचे 'भाग १' आणि 'भाग २' असे तुकडे करून छोट्या तबकड्या काढीत असे. म्हणजे ह्या संगीताची काटछाट ही १९९० च्या संकलकांनी प्रथम केली असे नव्हे. ती त्याच्या जन्मापासूनच बाजाराने मान्य केलेली होती.

३. पॅटन, ग्रीन, डिक्सन

बिग जॉन पॅटन (१९३५–२००२) हा कॅन्सस सिटीचा. आई चर्चमध्ये पियानो वाजवी. पहिले धडे तिचेच. १९५० च्या दशकात तो लॉइड प्राइस ह्या लोकप्रिय रिदम-अँड-ब्लूज गायकाच्या ताफ्यात पियानोवादक होता, आणि ऑर्गनकडे वळला तो त्यानंतर. १९६२ साली लू डोनाल्डसनच्या 'द नॅचरल सोल' ह्या तबकडीवर तो ब्लू नोटमध्ये आला. तीत त्याची स्वतःची 'फंकी मामा' ही रचना आहे. तेथे त्याच्यासोबत होते गिटारवादक ग्रँट ग्रीन आणि ड्रमवादक बेन डिक्सन. पुढची काही वर्षे हे तिघे एकमेकांच्या आणि इतरांच्या नावावरच्या तबकड्यांवर पुनःपुन्हा एकत्र दिसतात. पॅटनची पहिली तबकडी 'अलाँग केम जॉन' (१९६३) हीही ह्या तिघांच्याच पायावर उभी आहे; तीत फ्रेड जॅक्सन आणि हॅरल्ड विक हे दोन टेनर सॅक्सोफोनवादक जोडीला आहेत.

पॅटनची आणि जिमी स्मिथची तुलना उद्बोधक आहे. स्मिथ सुरांचा वर्षाव करतो. पॅटन सूर मोजून वापरतो. एखादी दोन-तीन सुरांची आकृती तो धरून ठेवतो, ती थोडी मागे-पुढे सरकवतो आणि पुनरावृत्तीतूनच ताण निर्माण करतो. ग्रीनची पद्धतही तशीच. तो गिटारवर सहसा सुरांचे गुच्छ न वाजवता एकेरी ओळ वाजवतो, एखाद्या सॅक्सोफोनवादकासारखी. दोन काटकसरी वादक एकत्र आल्यामुळे मध्ये मोकळी जागा उरते आणि त्या जागेत डिक्सनचा ठेका स्पष्ट ऐकू येतो. डिक्सन स्वतः रचनाकारही होता. 'अलाँग केम जॉन'मधली 'द सिल्व्हर मीटर' ही रचना त्याची आहे. तीस वर्षांनंतर नाचणाऱ्या पिढीला पॅटन इतका जवळचा का वाटला, ह्याचे उत्तर बऱ्याच अंशी ह्या मोकळ्या जागेत आहे.

पण पॅटन एवढाच नाही. 'लेट एम रोल' (ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६५) मध्ये त्याने व्हायब्रफोनवादक बॉबी हचरसनला बरोबर घेतले. हचरसनचे नाव त्या काळी जॅझमधील प्रायोगिक प्रवाहाशी जोडलेले होते. 'अंडरस्टँडिंग' (१९६८) मध्ये गिटारच नाही. ऑर्गन, सॅक्सोफोन आणि ड्रम्स एवढेच. 'अ‍ॅक्सेंट ऑन द ब्लूज' (१९६९) मध्ये गिटारवर जेम्स 'ब्लड' अल्मर आहे, जो पुढे ऑर्नेट कोलमनच्या वर्तुळात गेला. म्हणजे ज्याला आपण नुसता ठेक्याचा वादक समजतो तो आपल्या काळातील प्रयोगांशी सतत बोलत होता. १९८० च्या दशकात जॉन झोर्नसारख्या प्रयोगशील संगीतकाराने त्याला मुद्दाम बोलावून घेतले, हे योगायोगाने घडलेले नाही.

४. एका शब्दाचा प्रवास

आता 'फंकी' ह्या शब्दाकडे वळू. मुळात हा दुर्गंधीवाचक शब्द आहे. कोंदट, घामट वासासाठी तो वापरला जाई. जॅझच्या बोलीत त्याला 'मातीचा, अस्सल, अंगच्या वासासकट येणारा' असा गौरवाचा अर्थ मिळाला. पियानोवादक होरेस सिल्व्हरची 'ओपस द फंक' ही रचना १९५३ सालची आहे. तेव्हा ह्या शब्दाने सुचवले जाई ते ब्लूज आणि गॉस्पेल ह्यांचे संस्कार. लय कोणती ह्याचे त्यात बंधन नव्हते. एखादी संथ ब्लूज रचनाही 'फंकी' असू शके. किंबहुना अनेकदा तीच अधिक असे.

१९६७ च्या सुमारास चित्र बदलले. त्या वर्षी जेम्स ब्राउनचे 'कोल्ड स्वेट' आले आणि तालाची घडण बदलली. प्रत्येक वाद्य छोटे, तुटक, परस्परांत गुंतणारे तुकडे वाजवू लागले. सुरावट मागे आणि ठेका पुढे आला. त्याच वर्षी लू डोनाल्डसनने 'अ‍ॅलिगेटर बोगलू' ही तबकडी केली. तीत ऑर्गनवर लॉनी स्मिथ, गिटारवर जॉर्ज बेन्सन आणि ड्रम्सवर न्यू ऑर्लिन्सचा लिओ मॉरिस, म्हणजे पुढचा इद्रिस मुहम्मद, होते. न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकींतील ठेक्याची लचक त्याच्या हातात होती. ह्यानंतर 'फंकी' ह्या शब्दाने एका भावापेक्षा एका विशिष्ट तालरचनेचा निर्देश होऊ लागला.

भाषेच्या अभ्यासकाला ह्यात अर्थसंकोचाचे स्वच्छ उदाहरण दिसेल. व्यापक अर्थाचा शब्द एका विशेष अर्थापुरता उरतो. एरवी ही घटना निरुपद्रवी असते. पण तोच शब्द उद्या निवडीचा निकष झाला, तर? मग १९६७ नंतरच्या संकुचित अर्थाने त्यापूर्वीचे संगीत पारखले जाते, आणि जे त्या काळी 'फंकी' म्हणून नावाजले गेले तेच गाळले जाते. संकलनांच्या बाबतीत हेच घडले असे आमचे मत आहे.

५. विस्मरण आणि पुनःशोध

१९७० च्या दशकात ऑर्गन-त्रयीच्या पायाखालची जमीन सरकली. न्यूअर्कमध्ये जुलै १९६७ मध्ये मोठी दंगल झाली. इतर शहरांच्या मध्यवस्त्यांतही असेच उद्रेक झाले, व्यापार उठला, लोक स्थलांतरित झाले, गुत्ते बंद पडत गेले. सहज उचलता येणारी विजेवरची नवी वाद्ये आली आणि दशकाच्या मध्याला बी-३ चे उत्पादनच थांबले. ब्लू नोट १९६० च्या दशकाच्या मध्यात लिबर्टी कंपनीला विकली गेली होती; १९६७ मध्ये लायन निवृत्त झाले आणि १९७१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रान्सिस वुल्फ वारले.

समीक्षेने ह्या संगीताला आधार दिला नाही. जॅझचा इतिहास सांगण्याची रूढ पद्धत बीबॉप, हार्ड बॉप, मुक्त जॅझ, फ्यूजन अशी पायऱ्यापायऱ्यांची आहे. प्रत्येक पायरीवर काहीतरी नवे, अधिक अवघड घडते असे त्यात गृहीत धरलेले असते. जे संगीत लोकांना नाचवते, ज्यूकबॉक्सवर वाजते आणि पुनरावृत्तीत रमते त्याला ह्या जिन्यावर जागा नाही. त्यामुळे ऑर्गन-त्रयीच्या वाट्याला परिच्छेद-दोन परिच्छेद आले, तेही 'लोकानुनयी' असा शिक्का घेऊन. लोकप्रिय आणि कसदार ह्यांच्यातील हा वाद मराठी समीक्षेच्या वाचकांना ओळखीचा वाटेल.

ह्या संगीताला पुन्हा बाहेर काढले ते समीक्षकांनी नव्हे, नाचणाऱ्यांनी. १९८० च्या दशकात लंडनमध्ये काही डीजे जुन्या, दुर्मीळ अमेरिकन तबकड्या शोधून वाजवू लागले. नॉर्मन जे ह्यांनी त्यांना 'रेअर ग्रूव्ह' हे नाव दिले. जाइल्स पीटरसन आणि एडी पिलर ह्यांनी १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड जॅझ' नावाची ध्वनिमुद्रण कंपनी काढली. कॅम्डनच्या 'डिंगवॉल्स'मध्ये रविवारी दुपारी पीटरसन वाजवत असलेल्या जॅझवर तरुण नाचत असत. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये 'जेम्स टेलर क्वार्टेट'सारखे नवे हॅमंडवादी गटही उभे राहिले.

अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेत, हिप-हॉपचे निर्माते ह्याच तबकड्या वेगळ्या कारणासाठी चाळत होते. त्यांना हवे होते जुन्या ध्वनिमुद्रणातील काही सेकंदांचे तुकडे, जे पुनःपुन्हा फिरवून त्यावर नवे गीत रचता येईल. 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' ह्या गटाच्या 'कॅन आय किक इट?' (१९९०) मध्ये लॉनी स्मिथच्या 'स्पिनिंग व्हील'चा ठेका आहे. त्यांच्याच 'इलेक्ट्रिक रिलॅक्सेशन' (१९९३) चा आधार ऑर्गनवादक रॉनी फॉस्टरची 'मिस्टिक ब्रू' (१९७२) ही रचना आहे. बीस्टी बॉइजने जिमी स्मिथच्या १९७२ च्या 'रूट डाउन'वरून १९९४ मध्ये त्याच नावाचे गीत केले.

ह्या प्रक्रियेला कायद्याने एक वळण दिले. डिसेंबर १९९१ मध्ये न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयाने बिझ मार्की ह्या रॅपगायकाविरुद्धच्या प्रकरणात, परवानगीवाचून दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरणे हा हक्कभंग आहे असा निर्णय दिला. परवानगी घ्यायची म्हणजे मोबदला द्यायचा. तळघरात पडून असलेल्या जुन्या मुद्रणांना अचानक बाजारभाव आला. १९८५ मध्ये ब्रूस लंडवॉल ह्यांच्या नेतृत्वाखाली ब्लू नोट पुन्हा सुरू झालीच होती. तिने लंडनच्या 'अस-थ्री' ह्या गटाला आपला संग्रह अधिकृतपणे वापरू दिला आणि हर्बी हॅनकॉकच्या 'कॅन्टलूप आयलंड' (१९६४) वर बेतलेले त्यांचे 'कॅन्टलूप' अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या दहांत गेले. मूळ तुकडे कोठले, असे कुतूहल असलेला हजारो तरुणांचा वर्ग तयार झाला. 'ब्लू ब्रेक बीट्स' ही संकलनांची मालिका ह्याच वर्गासाठी होती आणि पॅटनचे 'द ऑर्गनायझेशन!' ह्याच वातावरणात निघाले.

६. काय मिळाले, काय निसटले

आधी मिळाले ते पाहू, कारण ते थोडके नाही. संकलनांना मागणी आहे असे दिसताच कंपनीने आपली कपाटे उघडली. पॅटनचे 'बूगलू' १९६८ मध्ये मुद्रित झाले होते. ते प्रथम प्रसिद्ध झाले १९९५ मध्ये. १९६९ आणि १९७० च्या मुद्रणांचे 'मेम्फिस टू न्यू यॉर्क स्पिरिट' १९९६ मध्ये बाहेर आले. लॉनी स्मिथने डेट्रॉइटच्या 'क्लब मोझँबीक'मध्ये १९७० साली केलेले वादन १९९५ मध्ये, तर त्याच क्लबमधले ग्रँट ग्रीनचे १९७१ चे वादन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रीन १९७९ मध्येच वारला होता. म्हणजे जी परंपरा आज आपण ऐकतो तिचा काही भाग तिच्या स्वतःच्या काळात कोणी ऐकलेलाच नव्हता. संकलन हे केवळ आधीच्या साठ्यातून वेचे काढत नाही. कधीकधी ते साठाच वाढवते. पॅटनला तर हे हयातीत पाहता आले. १९९० च्या दशकात तो पुन्हा स्वतःच्या नावाने तबकड्या करू लागला. १९९५ च्या 'मायनर स्विंग'मध्ये झोर्न त्याच्या जोडीला आहे. लॉनी स्मिथ दीर्घ खंडानंतर २०१६ मध्ये 'इव्होल्यूशन' घेऊन ब्लू नोटकडे परतला आणि २०२१ मध्ये निवर्तला.

निसटले ते तीन प्रकारचे आहे. पहिले, रचनेची घडण. १९६० च्या दशकातील ऑर्गनची तबकडी हा एक बेत असे. त्यात एक जलद ब्लूज, एक नाचरा तुकडा, एक लोकप्रिय सिनेगीत, एक संथ भावगीत असा आलटून-पालटून क्रम असे, जसा गुत्त्यातील रात्रीचा असतो. 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक'मध्ये शीर्षक-रचनेच्या पाठोपाठ 'व्हेन आय ग्रो टू ओल्ड टु ड्रीम' हे १९३० च्या दशकातले जुने गीत येते. 'लेट एम रोल'मध्ये 'लटोना'सारख्या चपळ रचनेच्या शेजारी 'द शॅडो ऑफ युअर स्माइल' हे तेव्हा नुकतेच गाजलेले सिनेगीत आहे. नाचऱ्या ठेक्याचा निकष लावला की 'लटोना' राहते आणि सिनेगीत जाते. परंतु त्या श्रोत्यांना ही दोन्ही हवी होती. घाम गाळणाऱ्या माणसाला हळवे होण्याचीही मुभा तेथे होती, हे सलग जलद तुकड्यांच्या सीडीवरून कळत नाही. 'द सर्मन'सारखी वीस मिनिटांची रचना तर कोणत्याही संकलकाला अडचणीचीच. आणि प्रवचनाप्रमाणे हळूहळू चढत जाणे हाच तर तिचा आशय आहे.

दुसरे, मालकीची मर्यादा. संकलन कंपनी काढते आणि कंपनीला आपल्या मालकीच्या मुद्रणांतूनच निवडावे लागते. शर्ली स्कॉट (१९३४–२००२) हिने १९५८ पासून स्वतःच्या नावाने प्रेस्टीजसाठी अनेक तबकड्या केल्या. ब्लू नोटवर पती स्टॅन्ली टरेंटाइन ह्याच्या 'डिअरली बिलव्हड' (१९६१) मध्ये ती वाजवते, पण करारामुळे तेथे तिचे नाव 'लिटल मिस कॉट' असे छापले गेले. ब्लू नोटच्या संकलनांवरून ऑर्गन-जॅझचा इतिहास रचू पाहणाऱ्या नवख्या श्रोत्याला एक मोठी वादक अशी जवळजवळ टोपणनावानेच भेटते. पुढे पेन्सिल्व्हेनियातील चेनी विद्यापीठात तिने अध्यापनही केले. ट्रूडी पिट्सचीही प्रमुख मुद्रणे प्रेस्टीजचीच. व्यापारी सीमारेषा आणि परंपरेच्या सीमारेषा एकच आहेत असा भास अशा वेळी होतो, आणि त्यात ऑर्गन हे पुरुषांचे वाद्य होते असा गैरसमजही बेमालूम मिसळतो.

तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे चर्च. १९६७ नंतरच्या अर्थाने 'फंकी' असलेल्या तुकड्यांत नृत्य उठून दिसते, प्रार्थना दिसत नाही. ऑर्गनवर दीर्घ सूर धरून ठेवायचा, लेस्लीची गती वाढवत न्यायची आणि सभा उसळून उठेपर्यंत तो सोडायचा नाही, ही युक्ती चर्चमधून आली. संथ ब्लूजमध्ये ती सर्वांत स्पष्ट ऐकू येते. लंडनच्या नृत्यगृहाला तिचा उपयोग नव्हता. सॅम्पल शोधणाऱ्यालाही नव्हता, कारण चार सेकंदांच्या तुकड्यात ती मावतच नाही. म्हणून ती संकलनांतून हळूच गळली. पॅटनच्या आईचा चर्चमधला पियानो आणि त्याची 'फंकी मामा' ह्यांना जोडणारा धागा नव्या श्रोत्याच्या हाती लागत नाही.

७. शिकवणाऱ्यांसाठी

ह्यावरून संकलने वाईट असे आम्हांला म्हणायचे नाही. ती नसती तर पॅटनचे नाव आज जाणकारांपुरतेच उरले असते, आणि ज्यांनी ह्या संगीताला परिच्छेदात गुंडाळले त्यांचाच शब्द अखेरचा ठरला असता. समीक्षेने नाकारलेले नाचणाऱ्यांनी स्वीकारले, ही गोष्ट साहित्याच्या अध्यापकांनी जरा नम्रपणे लक्षात ठेवावी अशी आहे. टिकणारे काय ते आपणच ठरवतो, असे आपण वर्गात अनेकदा गृहीत धरतो.

मात्र संकलन वाचण्याची, ऐकण्याची एक रीत असायला हवी. ते कोणी, कोणत्या साली, कोणासाठी आणि कोणत्या साठ्यातून काढले हे प्रश्न पहिल्याच तासाला विचारले गेले पाहिजेत. निकष म्हणून वापरलेला शब्द त्या कलाकृतीच्या काळातला आहे की आपल्या काळातला, हा त्यांपुढचा प्रश्न. मराठीतही 'ग्रामीण', 'नव', 'प्रायोगिक' हे शब्द आपण मागच्या काळाला लावतो तेव्हा हीच तपासणी करावी लागते. आणि मग विद्यार्थ्याला वेच्यापासून मूळ ग्रंथापर्यंत नेणे आले. पॅटनच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे. आधी संकलन ऐकावे, त्याच्या ठेक्यावर मान डोलवावी. त्यात कमीपणा काहीच नाही. त्यानंतर 'लेट एम रोल' ही तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही तुकडा न गाळता ऐकावी. संथ सिनेगीताशी पोचल्यावर पुढे ढकलण्याचा मोह होईल. त्या मोहाशी थांबून, हा तुकडा येथे का आहे आणि १९६६ साली तो ऐकणाऱ्याला काय देत असेल, असे विचारावे. आमच्या मते ह्या संगीताच्या इतिहासाचा अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू होतो.